पाणी आप्पांच्या घरचं

आप्पांचा संशय पहिल्यांदा पाण्यावर गेला नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवायला हवं. लेकीचा फोन आला तेव्हा त्यांनी आधी दुधावर संशय घेतला, मग बिस्किटांवर, मग जावयाच्या घरच्यांवर आणि शेवटी नातीच्या डॉक्टरवर. पाण्याचा नंबर त्यानंतर लागला. पण एकदा लागला तो लागलाच.

"बाबा, मागच्या वेळी तुमच्याकडे राहिलो तेव्हा पिल्लूचं पोट बिघडलं होतं, आठवतं ना?" लेक म्हणाली. "इथे परत आलो आणि आपोआप थांबलं. डॉक्टर म्हणतात, पाणी असेल."

"डॉक्टर म्हणतात ते कशावरून?"

"बाबा, मला कामावर परत रुजू व्हायचंय. तुम्ही आणि आई पिल्लूला सांभाळणार म्हणून मी तुमच्या गावची बदली मागतेय. पण आधी पाण्याचं काय ते बघा. नाहीतर मी सासूबाईंना विचारते. त्या तयारच आहेत."

शेवटचं वाक्य तिने अगदी सहज उच्चारलं होतं, पण आप्पांच्या ते थेट काळजात गेलं. विहीणबाई तयारच असणार, याबद्दल त्यांना कधीच शंका नव्हती. ज्या थोड्या गोष्टींबद्दल त्यांना शंका नव्हती त्यांतली ती एक.

बाकी सगळ्याबद्दल होती. आप्पांची उभी नोकरी विमा कंपनीत मृत्यूच्या दाव्यांची छाननी करण्यात गेली. म्हणजे माणूस गेला असं घरचे म्हणायचे आणि आप्पा विचारायचे, कशावरून? निवृत्त झाल्यावर दावे थांबले, प्रश्न थांबला नाही. इमारतीत त्यांच्या माघारी त्यांना 'कशावरून आप्पा' म्हणतात, हे त्यांना ठाऊक होतं. हे नाव कुणी ठेवलं असावं याची छाननीही त्यांनी करून पाहिली होती. निष्कर्ष निघाला नव्हता, संशयित भरपूर होते.

"पण अहो," त्यांची बायको म्हणाली, "पिल्लू पाणी आपल्याच घरचं प्यायली ना?"

"आपल्या घरात ती टिकत होती का? दिवसभर समोर मास्तरांकडे, नाहीतर वर डेंटिस्टबाईंकडे, नाहीतर खाली टेलरकडे. कोण तिला काय पाजत होतं ते बघायला तू होतीस?"

बायको नव्हती. पण आप्पांच्या पुराव्याला एवढंच पुरतं हे बघून ती भाजी आणायला निघून गेली, आणि जाता जाता जिन्यात डेंटिस्टबाईंना सगळं सांगून आली. त्यामुळे संध्याकाळपर्यंत इमारतीतल्या प्रत्येकाकडे एकेक सल्ला तयार होता.

डेंटिस्टबाई म्हणाल्या, "उकळा."

"उकळून काय होतं?"

"जंतू मरतात."

"आणि मेलेले जंतू जातात कुठे?"

डेंटिस्टबाई वर निघून गेल्या. त्यांच्या पेशात समोरचा माणूस उलट प्रश्न विचारत नाही, कारण त्याच्या तोंडात त्यांचा हात असतो. त्यांना सवय नव्हती.

तळमजल्यावरच्या टेलरने नळाला बांधायला चांगलं दाट विणीचं कापड देऊ केलं आणि हे कापड कुणाच्या शर्टातून उरलंय हे आप्पांनी विचारल्यावर ते परत घडी करून ठेवलं. समोरचे मास्तर मात्र चिडले नाहीत. ते शाळेत भूमिती शिकवायचे, आता इमारतीच्या पाण्याचं काम त्यांच्याकडे होतं. गच्चीवरच्या टाकीची किल्लीही त्यांच्याकडेच असायची. रोज सकाळी स्वतःचा पेपर वाचून झाला की ते तो आप्पांच्या दाराखालून आत सरकवत. आप्पा पेपर विकत घेत नसत, कारण छापलेल्या गोष्टीसाठी आधी पैसे मोजून मग त्यावर अविश्वास दाखवणं त्यांना परवडत नव्हतं.

"आप्पा, टाकी नुकतीच धुऊन घेतलीय," मास्तर म्हणाले. "मी स्वतः तिथे उभा होतो."

"उभे होतात. पण बघत होतात का?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. वर्गात असं बोलणाऱ्या मुलाला ते बाकावर उभं करत. आप्पा आधीच उभे होते.

अशा वेळी आप्पांना भाचा आठवला. तो प्रयोगशाळांची यंत्रं विकणाऱ्या कंपनीत होता. पाणी तपासायचं आहे, असं मामाने म्हटल्याबरोबर तो प्रात्यक्षिकासाठी ठेवलेलं एक यंत्र घेऊनच आला. यंत्र म्हणजे जेवणाच्या डब्याएवढी काळी पेटी, वर झाकण, झाकणाखाली चौकोनी खाच आणि पुढे छोटा पडदा. त्याचं नाव वर्णपटमापक. बायकोने पहिल्याच दिवशी त्याला दिव्याचा डबा म्हटलं आणि पुढे सगळी इमारत तेच म्हणू लागली.

"याच्यात एक दिवा आहे," भाचा म्हणाला. "त्यातून अतिनील प्रकाश निघतो, आपल्याला न दिसणारा. तो पाण्यातून आरपार जातो. पाण्यात काही कुजकं विरघळलेलं असेल, पाला, शेवाळ, सांडपाणी, तर ते त्यातला थोडा प्रकाश गिळून टाकतं. पलीकडे किती पोचला ते डबा मोजतो आणि पडद्यावर रेघ काढतो."

"न दिसणारा प्रकाश आहे हे कशावरून?"

"मामा, दिसला असता तर डबा कशाला लागला असता?"

हे उत्तर आप्पांना आवडलं. ज्या गोष्टी दिसत नाहीत त्यांच्यावरच त्यांचं आयुष्य उभं होतं.

मग भाच्याने मखमलीच्या पेटीतून एक चौकोनी कुपी काढली, अंगठ्याएवढी. तिच्या दोन बाजू आरशासारख्या स्वच्छ होत्या आणि दोन धुरकट. "ही क्वार्ट्झची आहे. साध्या काचेतून हा प्रकाश जात नाही. धुरकट बाजूंनीच धरायची. बोटाचा ठसा उमटला तरी डब्याला तो घाण वाटतो. आणि फोडू नका. फुटली तर मला तुमच्याकडेच राहायला यावं लागेल." मग तो मुद्द्यावर आला. "सगळ्यात आधी डब्याला शुद्ध पाणी दाखवायचं. ते तो शून्य धरतो. नंतरचं सगळं पाणी तो त्या शून्याशी ताडून बघतो. तसंच असलं तर रेघ सपाट आणि दिवा हिरवा. वेगळं असलं तर रेघ हलणार आणि दिवा लाल. लाल झाला की पडद्याचा फोटो काढून मला पाठवा, मी सांगतो काय ते. शुद्ध पाण्याची बंद बाटली औषधाच्या दुकानात मिळेल."

भाचा कुठल्याशा धरणावर यंत्र बसवायला निघून गेला. आप्पा औषधाच्या दुकानात गेले.

"हे पाणी शुद्ध आहे कशावरून?"

"वर लिहिलंय ना काका."

"लिहिलंय कुणी?"

"ज्यांनी भरलं त्यांनी."

"म्हणजे आरोपीच साक्षीदार," आप्पा म्हणाले आणि त्यांनी बाटली परत फळीवर ठेवली. बॅटरीवाल्याकडेही असलं पाणी मिळायचं, पण त्याच्या कॅनवर धूळ होती. शाळेच्या प्रयोगशाळेतलं पाणी मास्तरांच्या ओळखीने मिळालं असतं, पण ओळखीने मिळालेल्या पुराव्याला आप्पांच्या लेखी किंमत नव्हती. घरी येऊन त्यांनी शांतपणे विचार केला. या जगात असं कुठलं पाणी आहे, ज्याच्याबद्दल आपल्या मनात तीळभरही शंका नाही? आणि उत्तर समोरच भिंतीवर टांगलेलं होतं. स्वयंपाकघरातला फिल्टर. तो त्यांनी स्वतः पारखून घेतला होता, स्वतः उभं राहून बसवून घेतला होता, आणि त्यानंतर कुठल्याही परक्या माणसाला त्याला बोट लावू दिलं नव्हतं.

आप्पांनी त्या फिल्टरच्या पाण्याने कुपी भरली, धुरकट बाजूंनी धरून डब्यात ठेवली आणि बटण दाबलं. डब्याने ते पाणी शून्य म्हणून मान्य केलं. डब्याचा स्वभाव आप्पांसारखा नव्हता. जे शुद्ध म्हणून दाखवाल ते तो शुद्ध मानायचा.

तेच पाणी त्यांनी पुन्हा एकदा तपासून पाहिलं. रेघ सपाट. दिवा हिरवा.

"बघ," ते बायकोला म्हणाले. "आपल्या घरचं निर्मळ आहे."

मग ते कुपी, डबा आणि वायरची गुंडाळी घेऊन समोर मास्तरांकडे गेले. मास्तरांनी पेलाभर पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली आणि प्लगची जागा दाखवली. दिवा लाल झाला. नुसता लाल झाला नाही, पडद्यावरची रेघ हलली आणि चांगली खाली गेली. आप्पांनी आयुष्यभर ऑफिसात भिंतीवरचे तक्ते पाहिले होते. ज्या शाखेची रेघ खाली गेली तिच्या साहेबाचं काय होतं हे त्यांना सांगायला कुणी लागत नव्हतं. त्यांनी एकदा रेघेकडे पाहिलं, एकदा मास्तरांकडे.

"काय निघालं?" मास्तरांनी विचारलं.

"तपास चालू आहे," आप्पा म्हणाले.

डेंटिस्टबाईंकडे लाल, रेघ खाली. टेलरकडे लाल, रेघ खाली. गच्चीवर टाकीचा नळ सोडून तिथलं पाणी पाहिलं, तेही लाल आणि रेघ त्याच मापाने खाली. सगळ्या इमारतीत हिरवं पाणी एकाच घरात होतं. दुसऱ्या कुणाला यात काहीतरी विचित्र वाटलं असतं. आप्पांनाही वाटलं. एवढ्या लोकांपैकी एकालाच बरोबर असण्याची पाळी आपल्यावर पुन्हा आली, याचं त्यांना थोडं वाईट वाटलं.

फोटो मात्र त्यांनी भाच्याला पाठवला नाही. पुरावा तपास पूर्ण होण्याआधी बाहेर जाऊ द्यायचा नसतो. शिवाय भाचा झाला तरी कंपनीचाच माणूस. आज डबा दिलाय, उद्या काय विकायला घेऊन येईल कुणी सांगावं.

सभा गच्चीवर टाकीच्या सावलीत भरली. आप्पांनी डबा पाण्याच्या पाइपावर मांडला आणि मुद्देसूद बोलले. कुठेतरी पाणी मुरतंय, हे वाक्य नोकरीत त्यांनी पुष्कळदा वापरलं होतं. इतक्या समर्पक जागी ते प्रथमच वापरत होते. नळाने येणारं पाणी टाकीत जातं. टाकीतून घराघरात जातं. टाकीला कुलूप आहे. कुलपाला किल्ली आहे. किल्ली एकाच माणसाकडे आहे. एवढं बोलून ते थांबले. विमा कंपनीतही ते इथेच थांबत असत. पुढचं समोरच्याने बोलायचं असतं.

"म्हणजे मी टाकीत काही टाकतो?" मास्तरांनी विचारलं.

"असं मी म्हटलेलं नाही."

"मग काय म्हटलंत?"

"किल्ली एकाच माणसाकडे आहे, एवढंच."

मास्तरांनी खिशातून किल्ली काढली, आप्पांच्या हातात दिली आणि जिना उतरून खाली गेले. एक शब्दही बोलले नाहीत. जन्मभर मोठ्याने समजावून सांगण्याचाच पगार घेतलेल्या माणसाने गप्प राहणं हे सभेतलं सगळ्यात मोठं भाषण झालं. दुसऱ्या दिवसापासून दाराखालून पेपर येणं बंद झालं. मास्तरांच्या मनात काहीतरी असणार, याला आप्पांनी हा आणखी एक पुरावा धरला.

"पुरावा कसला," बायको म्हणाली. "तुम्ही भल्या माणसाला चारचौघांत चोर ठरवलंत."

"चोर नाही म्हटलं. संशयित."

टाकी रिकामी करून पुन्हा धुण्यात आली. या वेळी आप्पा उभे होते आणि बघतही होते. भरून झाल्यावर डबा लावला. लाल. रेघ खाली. आता मात्र इमारत घाबरली. टाकीचं पाणी प्यायचं नाही, असं ठरलं. मग प्यायचं कुणाचं? सगळ्यांच्या माना एकाच दिशेने वळल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांच्या दारात रांग लागली. कुणी बाटल्या, कुणी पातेली, डेंटिस्टबाई झाकणाचा स्टीलचा डबा घेऊन. आप्पांनी कुणालाच नाही म्हटलं नाही. त्यांनी फिल्टरजवळ स्टूल टाकलं आणि जातीने पाणी वाटलं. त्यात उपकाराचा भाव येऊ नये याची ते काळजी घेत होते. तो काळजीपूर्वक येत होता.

"अहो, मला डाळ लावायचीय," बायको म्हणाली. "माझ्या स्वयंपाकघरात टेलर उभे आहेत."

"थोडं सोस. लोकांना विश्वासाचं एकच घर उरलंय."

रांगेचं पाणी पिऊन फार दिवस झाले नसतील, टेलर उतरल्या चेहऱ्याने वर आले. म्हणाले, मशीनवर बसलो की उठावं लागतंय, एका पँटला तीन वेळा. पाठोपाठ डेंटिस्टबाईंनी एका पेशंटला तोंड उघडं ठेवूनच खुर्चीत सोडलं आणि बऱ्याच वेळाने परत येऊन मिटायला सांगितलं. मग दुसऱ्या मजल्यावरचे, मग तिसऱ्यावरचे. जिन्यातून एकमेकांना न भेटता घाईने जाणारी माणसं दिसू लागली. आप्पा आणि त्यांची बायको मात्र ठीक होती. कुठल्याही पाण्याची सवय होते, हे त्यांना पुढे कळायचं होतं.

"तुम्ही लोक चोरून नळाचं पाणी पिताय," आप्पा रांगेला म्हणाले.

"तुमचंच पितोय हो," टेलर म्हणाले. "नळाचं पिण्याएवढा वेळ कुठे मिळतो."

एकच माणूस ठणठणीत होता. आप्पांच्या दारात पाणी मागायला न आलेले मास्तर रोज नळाखाली तांब्या धरत, गटागट पीत आणि सकाळी फिरायला जाताना शीळ घालत. आप्पा दाराच्या भोकातून बघत. सगळी इमारत आजारी, टाकीचं पाणी पिणारा एकटा धडधाकट. याचा अर्थ सरळ होता. कुठलं पाणी कधी प्यायचं हे त्या माणसाला माहीत आहे.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. "बाबा, झालं का पाण्याचं? ऑफिसला या आठवड्यात कळवायचंय. सासूबाईंनी पिल्लूसाठी झोपाळा झाडून ठेवलाय."

"जवळजवळ उलगडा झालाय," आप्पा म्हणाले. "आपलं एकच चांगलं आहे, बाकी सगळ्यांचं खराब."  फोन ठेवल्यावर ते बराच वेळ पिल्लूसाठी रिकाम्या केलेल्या खोलीत उभे राहिले. झोपाळा झाडून ठेवणाऱ्या बाईबद्दल त्यांना अजिबात संशय नव्हता, आणि तेच सहन होत नव्हतं. संध्याकाळी त्यांनी ठरवलं, आता सरकारी शिक्का आणायचा. वरच्या कार्यालयाचा निकाल हातात असला की मास्तरही गप्प आणि विहीणबाईही.

पाणीखात्याच्या कार्यालयात त्यांनी बाटली खिडकीतून आत सरकवली. आतल्या कारकुनाने ती तशीच बाहेर सरकवली.

"घरून आणलेलं पाणी आम्ही घेत नाही."

"का?"

"हे तुमच्या नळाचं कशावरून?"

आप्पांनी बाटली परत हातात घेतली. हा शब्द त्यांनी आजवर हजारदा उच्चारला होता, पण त्याच्या या बाजूला उभं राहण्याची ही पहिलीच वेळ. फार अपमान झाल्यासारखं वाटलं. आणि खरं सांगायचं तर कारकुनाबद्दल थोडा आदरही वाटला.

"मी सांगतो ना."

"सगळेच सांगतात काका. बरं, तक्रार नळाच्या पाण्याची की टाकीच्या? नळापर्यंत आमचं. टाकीत पडलं की तुमचं."

"आणि नळातून टाकीत पडत असतं तेव्हा?"

कारकुनाने वर पाहिलं. त्याच्या टेबलावर असला प्रश्न आजवर आला नव्हता. त्याने मधल्या पाण्यासाठी आप्पांना शेजारच्या खिडकीत पाठवलं, त्या खिडकीने वरच्या मजल्यावर, वरच्या मजल्याने पुन्हा पहिल्या खिडकीत. पहिल्या खिडकीतल्या कारकुनाने आता मात्र हार मानली. म्हणाला, "तुम्ही रोज येणार ना?" आप्पा म्हणाले, "येणार." तेव्हा त्याने प्रयोगशाळेत फोन लावला.

प्रयोगशाळेतून रसायनतज्ज्ञ बाई आल्या, हातात थंड पेटी आणि बंद बाटल्या घेऊन. कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी रस्त्यावरच्या नळाचं पाणी घेतलं, टाकीचं घेतलं, मास्तरांच्या नळाचं घेतलं. प्रत्येक वेळी नळ पुसला, पाणी थोडं वाहू दिलं, मग बाटली भरली. आप्पा मागोमाग होते. इमारतही होती, जिला जमलं तेवढी. शेवटी त्या आप्पांच्या स्वयंपाकघरात आल्या आणि फिल्टरखाली बाटली धरली.

"याची गरज नाही," आप्पा म्हणाले. "हे हिरवं आहे."

"हिरवं म्हणजे?"

आप्पांनी दिव्याचा डबा दाखवला. बाईंचा चेहरा उजळला. "अरे वा, हे तर आमच्याकडचंच. आमचं मोठं असतं. नदीचं पाणी आत येतं तिथे बसवलेलं, अखंड पाण्यातून प्रकाश सोडत असतं. जरा काही कुजकं आलं की आम्हाला कळवतं." त्यांनी पडद्यावर आप्पांनी साठवलेल्या रेघा पाहिल्या. मग पुन्हा पाहिल्या. कपाळावर आठी आली. "या सगळ्या खाली का गेल्यात?"

"पाणी वाईट आहे म्हणून."

"वाईट पाणी प्रकाश गिळतं. ही रेघ किती गिळला त्याची असते, ती वर जायला हवी. खाली जायची असेल तर..." त्या थांबल्या. "तुम्ही शून्य कशावर धरलंत?"

"शुद्ध पाण्यावर."

"कुठल्या?"

आप्पांनी फिल्टरकडे बोट दाखवलं.

 बाईंनी आपल्या पेटीतून बंद बाटली काढली, कुपी त्या पाण्याने पुन्हा पुन्हा विसळली, भरली आणि डब्याला नवं शून्य दाखवलं. मग मास्तरांच्या नळाचं पाणी ठेवलं. रेघ सपाट, दिवा हिरवा. टाकीचं, हिरवा. रस्त्यावरचं, हिरवा. दारात उभ्या असलेल्या टेलरने डेंटिस्टबाईंकडे पाहिलं. मग बाईंनी आप्पांच्या फिल्टरचं पाणी ठेवलं. दिवा लाल झाला आणि रेघ चढायला लागली. ती चढत चढत पडद्याच्या वरच्या कडेला लागली आणि तिथे चिकटून राहिली.

"डबा बिघडलाय," आप्पा म्हणाले.

"डबा उत्तम आहे," बाई म्हणाल्या. "त्याने पहिल्या दिवसापासून तुम्हाला खरंच सांगितलं. इमारतीत कुणाचंच पाणी तुमच्यासारखं नाही."

त्यांनी फिल्टरची नळी सोडवली आणि खालचं गोल भांडं फिरवून काढलं. पाणी गाळणारं आतलं कार्ट्रिज मुळात पांढरं असतं, असं त्या म्हणाल्या. ते आता शेवाळी रंगाचं होतं आणि त्यावर मऊ, बुळबुळीत थर होता. डेंटिस्टबाईंनी पेशंटच्या तोंडात पुष्कळ काही पाहिलेलं होतं. त्यांनीही मान वळवली.

"हे शेवटचं कधी बदललं?"

"बदललंच नाही," बायको मागून म्हणाली. "बदलणारा माणूस दर वर्षी येतो. हे त्याला दारातूनच परत पाठवतात."

"तो चांगले भाग काढून नेतो आणि खोटे बसवतो," आप्पा पुटपुटले. "असं माझ्या ऐकण्यात होतं."

"जंतूंची तपासणी वेगळी असते, ती प्रयोगशाळेतच होईल," बाई बाटलीवर चिठ्ठी डकवत म्हणाल्या. "पण तोवर हे पाणी कुणी पिऊ नका. कुणी प्यायलंय का?"

 दारातले टेलर पोटावर हात ठेवून घाईने जिन्याकडे गेले आणि बाईंना उत्तर मिळालं.

गर्दी पांगली. आप्पांना कुणी काही बोललं नाही. कुणी बोललं असतं तर त्यांना उलट विचारता आलं असतं. ते स्टुलावर बसून राहिले. पिल्लू आली होती तेव्हा बाहेर कुठे काही प्यायली असेल ते असो. जेवताना, झोपताना, औषधाबरोबर तिला पेला भरून याच नळीखालचं पाणी ते स्वतः देत होते. दुसऱ्या कुणाला देऊ देत नव्हते. हात नीट धुतलेत कशावरून, असं बायकोलासुद्धा विचारत होते.

फोन त्यांनी स्वतःच लावला.

"पाण्याचं समजलं," ते लेकीला म्हणाले. "सगळ्यांचं चांगलं आहे. आपलं सोडून."

 लेक म्हणाली, "म्हणजे आपला फिल्टर?"

"काढून टाकलाय. आता नळाचंच पाणी प्यायचं. सरकारी बाईंनी तपासलंय, उत्तम आहे. तू ये."

"बाबा, तुम्ही त्या दिवशी म्हणालात, आपलं एकच चांगलं आणि बाकी सगळ्यांचं खराब. आज म्हणताय उलटं. मी कशावर विश्वास ठेवू?" मग तीच म्हणाली, "फोन मास्तरकाकांना द्या. ते सांगतील ते मी ऐकेन. नाहीतर मी सासूबाईंना हो म्हणते."

हे मात्र फार झालं. आप्पा फोन हातात धरून दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. "अहो, कॉल चालू आहे," बायको म्हणाली. तेव्हा त्यांनी समोरच्या दाराची घंटा वाजवली.

मास्तरांनी दार उघडलं. आप्पांनी फोन पुढे केला. काय बोलायचं ते त्यांनी मनात तयार केलं होतं, पण त्या वाक्यात 'असं मी म्हटलेलं नाही' हे शब्द होते, आणि ते आता वापरता येण्यासारखे नव्हते.

"लेक आहे," ते म्हणाले. "पाणी पिण्यासारखं आहे का, ते तिला तुमच्याकडून ऐकायचंय. माझ्यावर तिचा विश्वास नाही." आणि मग खालच्या आवाजात, "मी चुकलो, मास्तर."

मास्तरांनी त्यांच्याकडे इतका वेळ पाहिलं की आप्पांना वाटलं, आता बाकावर उभं राहायला सांगतील. मग त्यांनी फोन घेतला.

"बोल गं. हो, आहे. मी रोज पितो. किल्ली? ती तुझ्या बाबांकडे आहे, पण मी परत घेतो. घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. पिल्लूला घेऊन ये तू. तिचं पाणी मी बघतो." ते थोडा वेळ ऐकत राहिले आणि पहिल्यांदा हसले. "नाही, त्यांना मी हात लावू देणार नाही."

फोन परत आप्पांकडे आला तेव्हा लेक तिकिटं बघत होती. विहीणबाईंचा झोपाळा झाडलेला तसाच राहणार होता. आप्पांना जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण ते उंबऱ्याबाहेर उभेच राहिले.

"आत या," मास्तर म्हणाले. ते स्वयंपाकघरात गेले, नळाखाली पेला धरला आणि भरून आप्पांच्या हातात दिला.

आप्पांनी पेला घेतला. हात आपोआप वर गेला, खिडकीतल्या उजेडाकडे. मास्तर बघत होते. आप्पांनी हात खाली आणला आणि पाणी एका दमात पिऊन टाकलं. मग थोडा वेळ जीभ टाळूला लावून, डोळे बारीक करून उभे राहिले.

"चव वेगळीच लागतेय," ते म्हणाले.

"पाण्याची आहे," मास्तर म्हणाले.